रविवारचा पेपर

गुडगाव,
१४ जुलै १९९७

ती. वन्सं,

पाकिटामागचा पत्ता आधी वहीत उतरवून घ्या, जुना आता चालणार नाही. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडलं. ते माझ्या नोकरीवर मिळालेलं होतं. नोकरीच सोडली म्हटल्यावर सरकार काय आम्हाला पाहुणे म्हणून ठेवून घेणार होतं थोडंच. आता नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर आहोत. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट यायची आहे. फोनसाठी नाव घातलंय. बाल्कनीच्या एका बाजूला काचेची इमारत चढते आहे आणि दुसऱ्या बाजूला म्हशी चरतात. पद्माकरचं नवं ऑफिस दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे तुमचे बंधुराज खूश आहेत आणि पूर्वीपेक्षा उशिरा घरी येतात.

नोकरी का सोडली, हे तुम्ही विचारणारच. वल्लरीचा सातवीचा निकाल लागला. वर्गात सतरावी. इथे शाळेत पालकांना भेटायला बोलावतात, त्याला पीटीएम म्हणतात. मॅडमनी रिपोर्ट कार्ड पुढे सरकवलं आणि विचारलं, "मदर वर्किंग हैं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "वही तो." बाहेर आले तर बाकांवर बसलेल्या सगळ्या आयांच्या मांडीवर वह्या होत्या. मुलांच्या नव्हे, त्यांच्या स्वतःच्या, मुलांसाठी काढलेल्या नोट्सच्या. माझ्या मांडीवर मघापासून पर्स होती. पंधरा वर्षांची नोकरी एका 'वही तो'वर सोडली असं सांगितलं असतं तर ऑफिसात हसले असते, म्हणून मी तब्येतीचं कारण दिलं.

माझ्या अण्णांना तुम्ही ओळखता. मी कितवीत आहे हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. एका लग्नात कुणाला तरी त्यांनी मी आठवीत असल्याचं सांगितलं, तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आपल्या मुलीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे वल्लरी झाली तेव्हाच मी ठरवलं होतं. मग फायलींच्या ढिगात विसरले.

तुम्ही पस्तीस वर्षं मुलींना शिकवलंत. घरी लक्ष घालायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते लिहा. मला पद्धत हवी आहे. आशीर्वाद आहेतच.

तुमची,
विनया

---

सातारा,
२ ऑगस्ट १९९७

चि. विनया,

पत्ता उतरवला. म्हशी आहेत म्हणजे दूध तरी चांगलं मिळत असेल.

नोकरी सोडलीस ते मला आधी पटलं नाही. मग दोन दिवस विचार केला आणि पटलं. आमच्या शाळेत पालक फक्त गॅदरिंगला यायचे, तेही मुलगी नाचात असली तर. ज्यांच्या घरी कुणीतरी रोज वही उघडून बघतं, त्या मुली वेगळ्या ओळखू येतात. हे मी पस्तीस वर्षं पाहिलंय, त्यामुळे तू करते आहेस ते चुकीचं नाही.

पद्धत विचारलीस, ती सांगते. रोज डोक्यावर बसू नकोस, पोर वैतागते. आठवड्याचा अभ्यास झाला की रविवारी सकाळी पेपर घे. दीड तासाचा, पन्नास गुणांचा. प्रश्न तू स्वतःच्या हाताने लिही, पुस्तकातून उचलू नकोस. वर तारीख घाल. लाल शाईने तपास आणि नुसते गुण देऊन थांबू नकोस, शेरा लिही. मुलं गुण विसरतात, शेरा विसरत नाहीत. चुकलेलं उत्तर दहा वेळा लिहून घे. आणि सगळे पेपर तारखेप्रमाणे फायलीत लाव, म्हणजे तिचं तिलाच दिसेल की आपण कुठे होतो नि कुठे आलो.

पद्याला मी असंच शिकवलं. तो रडायचा. आता बघ, काचेच्या इमारतीत बसतो.

शाबासकीही अधूनमधून लिहावी. फार नको.

तुझी,
चंद्रप्रभा

---

गुडगाव,
२२ मार्च १९९८

ती. वन्सं,

वल्लरी आठवीत वर्गात पाचवी आली. फोनवर पद्माकरने सांगितलंच, पण मला फोनवर नीट बोलता येत नाही, पलीकडे कोणीतरी घड्याळाकडे बघत असल्यासारखं वाटतं. म्हणून लिहिते.

बत्तीस पेपर झाले. निळी बॉक्स फाइल आणली आहे, ती भरत आली. तुम्ही म्हणालात तसं सगळं करते. रात्री तिच्या पुस्तकातला पुढचा धडा मी आधी वाचते. अर्ध्याअधिक गोष्टी मी शाळेत शिकलेच नव्हते, की शिकून विसरले, देव जाणे. पीटीएमला मीही आता वही घेऊन जाते. मॅडम म्हणाल्या, "अब दिखता है कि घर पे कोई है." मी वहीत तारीख घालून ते लिहून घेतलं.

शेरे मी मराठीत लिहिते. तिची मराठी पातळ होत चालली आहे. पडवळ म्हणजे काय, जावळ म्हणजे काय, तिला सांगता येत नाही. माझ्याशीही हिंदीच बोलते. निदान शेरे तरी मराठीत वाचेल, एवढीच माझी हुशारी. ते तिला बरोबर कळतात. "लक्ष कुठे असतं?" "येत असून चुकवलंस." "हे दहा वेळा लिही." पेपरच्या वर एक ओळ कायम असते: "वेळ दीड तास. मधे उठायचं नाही." सुरुवातीला ती पाणी प्यायला उठायची, म्हणून घातली होती. आता उठत नाही, पण ओळ राहिली.

रविवारी सकाळी ती पूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीबरोबर खाली बॅडमिंटन खेळायची. ती मुलगी तीनचार वेळा बेल वाजवून गेली. आता येत नाही.

पाचवी आली म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्या दिवशी मी नववीची पुस्तकं आणायला गेले होते, त्यामुळे लक्षात आलं नाही.

तुमची,
विनया

---

गुडगाव,
१७ सप्टेंबर १९९८

ती. वन्सं,

अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मी एकुलती एक, त्यामुळे कुणी जायचं हा प्रश्न नाही. शनिवारी नाशिकला निघते.

तुम्ही इकडे यायला तयार झालात, ते पद्माकरने सांगितलं. वल्लरीच्या सहामाहीत ८१ टक्के आले आहेत. ते खाली जाऊ नयेत एवढंच बघा. तिला काही शिकवावं लागणार नाही. रविवारचे पेपर मी नाशिकहून तिच्या नावाने पोस्टाने पाठवीन. ती सोडवून फायलीत ठेवेल, मी आल्यावर तपासेन. रविवारी सकाळी कुणी तिच्या खोलीत जाऊ नका.

चहापत्तीचा डबा वरच्या फळीवर, डावीकडे.

विनया

---

गुडगाव,
२५ ऑक्टोबर १९९८

चि. विनया,

अण्णांच्या तब्येतीचं पद्या सांगतो, पण तो तीन वाक्यांत सांगतो. तू सविस्तर लिही.

इथलं उत्तम चाललंय. लिफ्ट आली आणि दोनदा बंदही पडली. दुसऱ्यांदा मी आत होते. खालच्या चौकीदाराला मी हिंदीत खूप बोलले, पण त्याने ते मराठी समजून सोडून दिलं. दिवाळीत चकल्या केल्या. वल्लीने खाल्ल्या. "अच्छी है आत्या" म्हणाली आणि उठून अभ्यासाला गेली. पाडव्याच्या दिवशीसुद्धा गेली.

तुझ्या मुलीचं मला खरोखर नवल वाटतं. रविवारी नऊ वाजता तिला हाक मारावी लागत नाही. गजराचं घड्याळ लावते, दार लोटून घेते आणि साडेदहाला बाहेर येते. मी पहिल्या रविवारी विचारलं तर म्हणाली, "मम्मा ने पेपर भेजा है." मी मनात म्हटलं, बाप आजारी, दवाखान्याच्या खेपा, आणि ही बाई तिकडून दर आठवड्याला पेपर काढून पाठवते. मला नोकरीत असतानासुद्धा हे जमलं नसतं. आत्ताही ती आत तुझा पेपर लिहिते आहे, म्हणून मी हे पत्र लिहायला बसले.

खालच्या बायकांना मी तुझं सांगितलं. त्यातल्या दोघींनी तुझी पद्धत लिहून घेतली.

तुझी,
चंद्रप्रभा

---

नाशिक,
१२ नोव्हेंबर १९९८

ती. वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. पेपरांचं लिहिलंत ते वाचलं. वल्लरीला सांगा की... नाही, काही सांगू नका.

अण्णा तसेच आहेत. सकाळी अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. मग फिजिओथेरपीवाला येतो. दुपारी पुन्हा तेच उलट क्रमाने. मी थकले आहे असं लोक म्हणतात. मला तसं काही जाणवत नाही. काल संध्याकाळी मी आंघोळ केली की नाही ते आठवेना, तेव्हा टॉवेल ओला आहे का बघितला. ओला होता.

डॉक्टर म्हणाले, रोज त्यांना प्रश्न विचारत जा, मेंदूला सवय राहते. आज वार कुठला, तुमचं गाव कुठलं. मी पाटी आणली. अण्णा डाव्या हाताने रेघा मारतात. चौथ्या दिवशी त्यांनी वार चुकवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लक्ष कुठे असतं?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाटी ओढून घेतली आणि बराच वेळ खपून लिहिलं, "कितवीत?"

वल्लरीचं विचारत होते की माझं, कळलं नाही. मी "नववीत" म्हटलं. त्यांनी मान हलवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यांनी. मी पाटी पुसून ठेवली आणि भात लावला.

तुमची,
विनया

---

गुडगाव,
१४ डिसेंबर १९९८

चि. विनया,

तुला काळजीतून सोडवावं म्हणून तातडीने लिहिते. वल्लीचा निकाल लागला. ८१ टक्के. सप्टेंबरात ८१, आता ८१. तू तीन महिने नाहीस, तरी अर्ध्या टक्क्याचा फरक नाही.

पीटीएमला मी गेले होते. मी आत्या आहे म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, "मदर नहीं आईं?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पर लगता नहीं कि मदर घर पे नहीं हैं." मला अगदी भरून आलं. तुला हे शब्दशः कळवायचं ठरवलं होतं.

तेव्हा आता तू निर्धास्त राहून अण्णांचं कर. इथे तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.

तुझी,
चंद्रप्रभा

---

नाशिक,
८ जानेवारी १९९९

ती. वन्सं,

काल तेरावा झाला. अण्णा शनिवारी, सव्वीस तारखेला पहाटे गेले, ते तुम्हाला माहीत आहे. पद्माकर आला होता, त्याने सगळं नीट केलं. वल्लरीला आणू नका, तिच्या टेस्ट आहेत, हे मीच फोनवर सांगितलं होतं. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं.

लोक भेटायला येतात आणि मी रडेन म्हणून थांबतात. मला रडू येत नाही. मी त्यांना चहा देते. त्यांची पंचाईत होते, ते मला दिसतं.

तुमचं डिसेंबरातलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. ८१ आणि ८१. तुम्ही ते मला बरं वाटावं म्हणून लिहिलंत, हे मला कळतं. पण दीड वर्षं नोकरी सोडून मी जे करत होते, ते काढून घेतलं तरी आकडा जागचा हलला नाही. माझ्या ऑफिसात असं एखादं टेबल असतं. माणूस रजेवर गेला की कळतं, या टेबलाला कामच नव्हतं. मग ते टेबल काढून टाकतात. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. मी नुसतीच बसून होते.

एकवीस तारखेला पोचते. तुमचं परतीचं तिकीट बावीसचं आहे, म्हणजे एक दिवस भेट होईल.

विनया

---

गुडगाव,
७ फेब्रुवारी १९९९

ती. वन्सं,

हे पत्र तुम्ही एकट्या असताना वाचा.

तुम्ही गेल्यावर पहिल्या सोमवारी, पंचवीस तारखेला, जेवणाच्या टेबलावर वल्लरीचा सोडवलेला पेपर ठेवलेला होता. भूगोल. वर आदल्या दिवशीची तारीख, खाली "वेळ दीड तास. मधे उठायचं नाही." प्रश्न माझ्या अक्षरात. मी तो पेपर कधी काढला ते मला आठवेना. पण मला त्या दिवसांत काहीच आठवत नव्हतं, त्यामुळे मी फार विचार केला नाही. लाल पेन घेतलं आणि तपासला. एकोणचाळीस. "येत असून चुकवलंस" असा शेरा लिहिला. तिने तो नेऊन फायलीत लावला.

पुढच्या सोमवारी परत तेच. या वेळी रसायनशास्त्र. आता मात्र मला खात्री होती, वन्सं. रविवारी मी दिवसभर पलंगावर पडून होते, पेन हातात घेतलं नव्हतं.

ती शाळेत गेल्यावर मी निळी फाइल काढली.

आधी एक गोष्ट कबूल करते. मी नाशिकहून तीन पेपर पाठवले. फक्त तीन. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मी एकही काढला नाही, मला जमलं नाही. तुमचं पत्र आलं की दर रविवारी पेपर येतो, तेव्हा मला वाटलं, पोर तुम्हाला थाप मारून दार लावून झोपा काढते आहे किंवा गोष्टीची पुस्तकं वाचते आहे. खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं. आणि तुम्ही खाली बायकांना माझं कौतुक सांगितलं होतंत, त्यामुळे खरं लिहायची लाज वाटली. म्हणून मी गप्प बसले.

फायलीत माझे तीन आहेत. त्यानंतर अठरा ऑक्टोबरपासून सतरा जानेवारीपर्यंत चौदा पेपर आहेत, एकही रविवार सुटलेला नाही. प्रश्न माझ्या अक्षरात. उत्तरं तिच्या अक्षरात. तपासलेले लाल शाईने, आणि शेरे परत माझ्या अक्षरात, मराठीत. माझा 'क्ष' मी जरा वाकडा काढते, तोसुद्धा तसाच. जिला पडवळ माहीत नाही, तिने एकही चूक न करता लिहिलंय, "लक्ष कुठे असतं?" चुकलेली उत्तरं मागच्या पानावर दहादहा वेळा लिहिलेली आहेत. मी मोजली. कुठेही नऊ नाहीत.

मी दुपारभर ते वाचत बसले. सत्तावीस डिसेंबरचा पेपर बीजगणिताचा आहे. त्याच्या आदल्या दिवशी अण्णा गेले होते, पद्माकर नाशिकच्या गाडीत होता आणि तुम्ही दोघी घरी होता. पन्नासपैकी अडतीस. खाली लिहिलंय, "आजोबा गेले म्हणून सूट नाही."

वन्सं, हे वाक्य मी कधी लिहिलेलं नाही. ते माझ्या कुठल्याच पेपरवर नाही, मी सगळे शोधून बघितले. पण मी तिथे असते तर ते लिहिलं असतं. फोनवर मी तेच तर सांगितलं होतं.

ती घरी आल्यावर मी फाइल टेबलावर उघडी ठेवली. ती घाबरली नाही. मी विचारलं, "हे तू का केलंस?" ती म्हणाली, "तू भेज नहीं रही थी ना." मी म्हटलं, "मग शेरे कशाला?" तिला प्रश्न कळला नाही. "शेरे के बिना पेपर कैसे होगा?" म्हणाली. मग म्हणाली, "अब तू आ गई है, अब तू चेक कर. मेरे से स्ट्रिक्ट चेकिंग नहीं होती."

रसायनशास्त्राचा पेपर अजून माझ्यासमोर आहे. सहा दिवस झाले. मी त्यावर काही लिहू शकत नाही आणि ती रोज येऊन बघते.

तुम्ही तिथे होता. तुम्हाला काहीच कसं दिसलं नाही?

विनया

---

सातारा,
१७ फेब्रुवारी १९९९

चि. विनया,

दिसलं होतं. हे पत्र लिहायला म्हणूनच इतके दिवस लागले.

नोव्हेंबरात एकदा मी दूध द्यायला तिच्या खोलीत गेले. तिच्या हातात लाल पेन होतं. मी विचारलं तर म्हणाली, "आन्सर चेक कर रही हूँ." मला वाटलं, तू उत्तरं पाठवून तिला स्वतःचं स्वतः तपासायला सांगितलंयस. मी मनात म्हटलं, काय शिस्त लावलीय. शेरा काय लिहिते आहे ते मी वाचलं नाही. चष्मा बाहेर राहिला होता. आणि खरं सांगायचं तर आणायला गेलेही नाही.

त्या सव्वीस तारखेला मी तिला जवळ घेतलं होतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "आत्या, कल संडे है." मी तिला सोडलं. मला वाटलं, पोर मनाची खंबीर आहे. आपण मास्तरणी हुशार मुलीत हेच बघतो, की ती त्रास देत नाही.

आणि शेरा लिही, दहा वेळा लिहून घे, हे तुला मी सांगितलं. पद्या रडायचा, हे मी किती मजेत लिहिलं होतं. काल त्याला फोन केला आणि विचारलं, तुला ते पेपर आठवतात का? तो म्हणाला, "ताई, मी मीटिंगमध्ये आहे." मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तारखांसकट."

आता काय करायचं ते मला माहीत नाही. एक मनात येतं, ते सांगते, पण मागच्या वेळी माझं ऐकलंस त्याचं काय झालं ते बघून मग ठरव. तो पेपर तू तपासू नकोस. त्यातले प्रश्न घेऊन तू स्वतः सोडव आणि तिला तपासायला दे. तू चुकशील. तिने तुला चुकताना कधी पाहिलेलं नाही. कदाचित हसेल.

तुझी,
चंद्रप्रभा

---

गुडगाव,
८ मार्च १९९९

ती. वन्सं,

तुम्ही सांगितलंत तसं केलं.

अठ्ठावीस तारखेच्या रविवारी नऊ वाजता मी तिच्या टेबलापाशी बसले. तिला म्हटलं, आज पेपर मी देणार, तू तपासायचा. तिने घड्याळात गजर लावला. मग समोर खुर्ची घेऊन दहावीचं पुस्तक वाचत बसली, जशी मी बसायचे. मधे मला तहान लागली. मी उठायला गेले तर तिने पुस्तकातून मान वर न करता बोटाने पेपरची वरची ओळ दाखवली. मी बसले.

मला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. हात भरून आला. सातवा प्रश्न मला येत होता आणि वेळ संपत आला म्हणून चुकला. मॅग्नेशियम जळताना काय होतं त्याचं समीकरण. मी एका बाजूला दोनचा आकडा घातला आणि दुसऱ्या बाजूला विसरले.

तिने पाऊण तास तपासला. ती हसली नाही, वन्सं. मी वाट बघत होते, पण नाही हसली. मला एकतीस दिले. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं, "येत असून चुकवलंस. हे दहा वेळा लिही." आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मला वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. इतकी मेहनत करून बसले होते, एक आकडा राहिला, आणि तेवढंच बघितलं हिने. अण्णा गेल्यापासून मला काही वाटलेलं नव्हतं, ते हे पहिलं. मी तिथेच रडले. तिला हे माहीत असावं, असं मला तिच्या तोंडाकडे बघून वाटलं. किती वेळ चालतं आणि मग कसं थांबतं, हे तिला ठाऊक होतं. माझं थांबल्यावर तिने पेन माझ्या हातात दिलं.

मी दहा वेळा लिहिलं. तिने पेनाच्या टोकाने मोजलं. आठव्या ओळीत मी परत तो दोन विसरले होते. "ये वाला फिर से," म्हणाली. मी ते परत लिहिलं. मग तिने तो कागद भोकं पाडून फायलीत लावला, तारखेप्रमाणे, तिच्या पेपरांच्या वर.

मी म्हटलं, "वल्ली, आता बास. पुढच्या रविवारी पेपर नाही. तूही काढायचा नाहीस. कधीच नाही." तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा पडला. मी अभ्यासातून काढून टाकते आहे, असं काहीतरी तिला वाटलं असावं. तिने विचारलं, "फिर मैं संडे को क्या करूँ?"

मी बॅडमिंटनचं नाव काढलं. दुसऱ्या मजल्यावरचे लोक नोएडाला गेले, हे तिने मला सांगितलं. मागच्या वर्षीच गेले म्हणे.

काल रविवार होता. नऊ वाजता गजर झाला. तिने तो बंद केला आणि टेबलापाशी जाऊन बसली. टेबलावर काही नव्हतं. मी दारात उभी होते. ती साडेदहापर्यंत तशीच बसली आणि मधे एकदाही उठली नाही.

वन्सं, तुम्ही पस्तीस वर्षं मुलींमध्ये होता. या वयाच्या मुली रविवारी सकाळी काय करतात, तेवढं मला कळवा. रविवारच्या आत पत्र पोचेल असं बघा.

विनया